स्क्रीमिंग: घसा न फाडता किंचाळायचं कसं

नाशिकमध्ये विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकापुढे तासभर घोषणा देणाऱ्याचा घसा दुसऱ्या दिवशी हमखास बसलेला असतो. मेटल, म्हणजे कर्कश गिटार आणि दणदणीत ड्रमचं रॉक संगीत, वाजवणाऱ्या बँडचा तयारीचा गायक मात्र तेवढाच वेळ किंचाळतो, गुरगुरतो आणि स्टेजवरून उतरल्यावर नेहमीच्या आवाजात गप्पा मारतो. या किंचाळत गाण्यालाच स्क्रीमिंग म्हणतात. दोघांच्या गळ्याची रचना एकच असते. आवाजातली खरखर गळ्यात नेमकी कुठे तयार होते, यावर सगळं अवलंबून आहे.

स्वरयंत्रात स्वरतंतूंच्या दोन घड्या असतात. प्रौढ पुरुषांत त्यांची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर, स्त्रियांत १२ ते १७. बोलताना त्या सेकंदाला पुरुषांत १०० ते १३० वेळा आणि स्त्रियांत २०० च्या आसपास एकमेकींवर आदळतात. त्यांच्यावरचं आवरण पातळ, ओलसर आणि नाजूक असतं. याच तंतूंच्या जरा वर आणखी एक मांसल जोडी आहे. गायक तिला फॉल्स कॉर्ड म्हणतात. बोलण्यात तिचा फारसा वाटा नसतो. गिळताना, खोकताना किंवा जड वजन उचलताना श्वासाची वाट आवळून बंद करणं हे तिचं रोजचं काम.

घोषणा देणारा माणूस खालचे स्वरतंतू घट्ट आवळतो आणि त्यांच्याखाली हवेचा दाब वाढवत नेतो. तंतू जोरात आपटतात, सुजतात आणि सुजलेले तंतू नीट मिटत नाहीत. घसा बसतो तो असा. स्क्रीमिंगमध्ये खालचे तंतू त्यामानाने सैल ठेवायचे आणि खरखर वरच्या भागात करायची. फॉल्स कॉर्ड जवळ येतात, स्वरयंत्राचं तोंड अरुंद होतं आणि तिथल्या ऊती अनियमित थरथरतात. माणसाच्या गळ्याला हे नवीन नाही. रशियाच्या तुवा प्रांतातल्या कार्गिरा या घोगऱ्या खर्जाच्या गायकीत आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या पारंपरिक चौकडीच्या खर्जात याच घड्या वापरतात. फरक इतकाच की तिथे त्या नियमित लयीत हलतात, मेटलमध्ये अनियमित.

ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा का येतो, याचंही उत्तर मिळालेलं आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की किंचाळीचा जोर सेकंदाला ३० ते १५० वेळा कमीजास्त होतो. साध्या बोलण्यात हे चढउतार सेकंदाला मोजकेच असतात. हा खरखरीतपणा मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या अमिग्डाला या भागाला थेट जागा करतो. म्हणजे परिणाम खरखरीचा आहे, निव्वळ मोठ्या आवाजाचा नाही. शिकणाऱ्याने ही गोष्ट सगळ्यात आधी मनात पक्की करावी. चांगला स्क्रीम खोलीत ऐकला तर मोठ्याने बोलण्याइतकाच भरतो. बाकीचं काम माइक करतो. सिडकोतल्या किंवा गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा विचार करून हळू सराव करावा लागत असेल, तर ती अडचण मानू नका. हळू आवाजात जमलेलं तंत्रच खरं जमलेलं असतं.

सुरुवात श्वासापासून. एक हात बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवा, खांदे न उचलता श्वास घ्या आणि दात जवळ आणून ‘स्स्स’ असा एकसारखा सोडा. वीस सेकंद आवाज न डगमगता टिकला की पुढे जा. मग साधी स्ट्रॉ पाण्याच्या ग्लासात दोन-तीन सेंटिमीटर बुडवून पाच मिनिटं ‘ऊ’ गुणगुणत बुडबुडे काढा. पाण्याचा उलटा दाब तंतूंची आपटण्याची ताकद कमी करतो, म्हणून तयारीसाठी याहून स्वस्त आणि चांगला उपाय नाही.

आता मुख्य भाग. आवाज न काढता ‘हा’ असा उबदार उसासा सोडा, चष्म्याची काच पुसण्याआधी सोडतात तसा. तोच उसासा चालू ठेवून, जड पोतं उचलताना घशात जी आवळण होते ती अगदी थोडी आणा. कोरडी, खोल घरघर ऐकू येईल. ती फॉल्स कॉर्डची. दोन सेकंद धरा, सोडा, श्वास घ्या. घरघर एकसारखी राहू लागली की लांबी वाढवत सहा-सात सेकंदांवर न्या. हवा वाढवण्याचा मोह टाळा. नव्वद टक्के चुका इथेच होतात असं म्हटलं तरी चालेल. हवा जास्त झाली की खालचे तंतू तिला अडवायला आपोआप घट्ट होतात, आणि तुम्ही नकळत पुन्हा घोषणा देऊ लागता. मानेच्या शिरा फुगणं, हनुवटी पुढे येणं, घशात गुदगुली होऊन खोकला सुटणं या त्या चुकीच्या खुणा. गुदगुली झाली की त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवायचा.

दुसरी पद्धत फ्राय. सकाळी उठल्याउठल्या आवाजात जी सुटी-सुटी करकर असते ती जागवा आणि हलक्या ‘ए’वर आणून श्वासाचा थोडा आधार द्या. यातून पातळ, धारदार स्क्रीम निघतो. फॉल्स कॉर्डमधून जाड आणि खोल. प्रत्यक्षात बहुतेक गायकांच्या गळ्यात दोन्हींची सरमिसळ असते, त्यामुळे नावांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. गडद किंवा उजळ रंग गळा दाबून आणायचा नसतो, तो तोंडाच्या आकारातून येतो: ओठ गोल करून ‘ओ’ म्हटलं की आवाज खाली उतरल्यासारखा वाटतो, ओठ ताणून ‘ए’ म्हटलं की वर चढतो.

पहिले दोन महिने एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस, एवढं पुरे.

घरी जमलेलं तंत्र बँडच्या खोलीत का बिघडतं? गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये दाखवून दिलं. ड्रमकिटशेजारी स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की गायक दाब वाढवतो, आणि अर्ध्या तासात तंतू सुजतात. उपाय साधा आहे: कानात इअरप्लग घाला. बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि स्वतःचा आवाज हाडांमधून जास्त स्पष्ट ऐकू येतो. मॉनिटर, म्हणजे गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, कानाच्या रोखाने तिरपा ठेवा आणि गिटारवाल्यांना अ‍ॅम्प खाली आणायला सांगा. माइक ओठांपासून एक-दोन सेंटिमीटरवर धरा. इतक्या जवळून खर्ज भरीव होतो. माइकची जाळी मुठीत झाकण्याची टूम मात्र सोडा. जाळीच्या मागच्या बाजूने हवा आत जाते, म्हणूनच माइक फक्त समोरचं ऐकतो. ती वाट बंद केली की तो चहूकडचं ऐकू लागतो, आवाज नाकात बोलल्यासारखा येतो आणि शिट्टी वाजते.

आता खाण्यापिण्याचं. रविवारी तर्रीदार मिसळ हाणून लगेच प्रॅक्टिसला जाणं नाशिकमध्ये अगदी सहज घडतं. पोटावर दाब पडला की आम्ल वर येतं आणि स्वरयंत्राच्या मागच्या भागाला भाजतं. मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. हिवाळ्यात निफाडकडे पारा एक आकडी होतो, हवा कोरडी असते; तेव्हा पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, कारण प्यायलेलं पाणी तंतूंच्या आवरणापर्यंत पोहोचायला काही तास लागतात. ज्येष्ठमध, खडीसाखर, मध घशाला बरं वाटवतात, पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, तंतूंना शिवतही नाही. तिथे थेट पोहोचते ती वाफ. साध्या पाण्याची, बाम न टाकता, पाच-दहा मिनिटं घ्या. दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊन गाऊ नका: दुखणं झाकलं जातं आणि रक्त पातळ झाल्याने तंतूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

सरावाआधी आणि नंतर एक चाचणी करत जा. अगदी हळू, वरच्या पट्टीत, ‘ऊ’वर एखादी सोपी ओळ गा. आधी सहज येणारा सूर नंतर फाटला, उशिरा उमटला किंवा नुसती हवाच आली, तर तंतू सुजलेत. दोन दिवस विश्रांती. जोराची कुजबुजही नको. ही सूज वारंवार येत राहिली तर तंतूंच्या पुढच्या एक तृतीयांश भागाच्या टोकाला, जिथे आपटणं सर्वाधिक असतं, दोन्हीकडे गाठी धरतात. त्या वेळेत लक्षात आल्या तर व्हॉइस थेरपीनेच बहुतेक वेळा भागतं. घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तंतू पाहून घ्या आणि शक्य असेल तिथे स्ट्रोबोस्कोपी मागा, कारण तिच्यात तंतूंची हालचाल संथ दिसते. किंचाळताना आवाज एकदम बंद पडला, तर मात्र तीन आठवडे थांबायचं नाही: एक शब्दही न बोलता त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि काय झालं ते कागदावर लिहून दाखवा.