पार्श्वभूमी: पाकिटावर किंमत छापण्याची सक्ती कशी आली आणि पुढे तिचे काय झाले

बिस्किटाचा पुडा असो, शाम्पूची बाटली असो वा तूरडाळीचे पाकीट असो, हातात घेतल्याबरोबर आपण आधी एमआरपीचा आकडा शोधतो. 'कमाल किरकोळ विक्री किंमत, सर्व करांसहित' हे शब्द आता इतके अंगवळणी पडले आहेत की ते पूर्वापार चालत आले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात सर्व कर धरून एकच आकडा छापण्याची सक्ती १९९० ची आहे. दुकानदाराने ग्राहकाकडून जास्तीत जास्त किती घ्यावे याची मर्यादा ठरवणे, एवढाच तिचा हेतू होता. आज तोच आकडा 'अमुक टक्के सूट' मोजण्यासाठी वापरला जातो, आणि हा बदल कसा झाला हे समजून घेतल्याशिवाय आजच्या खरेदीतल्या बऱ्याचशा सवलतींचा अर्थ लागत नाही.

पाकिटे येण्याआधी खरेदीतला मुख्य वाद किमतीपेक्षा मापाचा असे. महाराष्ट्रात धान्य शेर, अडशेरी, पायली या मापांनी मोजले जाई: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी आणि दोन अडशेऱ्यांची पायली. कोष्टक सगळीकडे सारखे दिसले, तरी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीएवढी असेलच असे नव्हते. वजनांचीही तीच गत होती. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे पावणेतेरा किलोंचा होता, तर बंगालचा मण ८२ पौंडांहून थोडा जास्त, म्हणजे ३७ किलोंच्या पुढे जाई. त्यात माप सपाट भरायचे की शीग लावून, म्हणजे काठाच्या वर रास करून, हा प्रश्न निराळाच. घेताना शीग आणि देताना सपाट, अशी व्यापाऱ्याची रीत शेतकऱ्याला चांगली ठाऊक होती आणि 'मापात पाप' हा शब्दप्रयोग उगाच रूढ झालेला नाही. तागडीच्या पारड्याखाली चिंच किंवा मेण चिकटवणे, पुडीच्या जाड कागदाचे वजनही मालात धरणे, या युक्त्या तर काल-परवापर्यंत चालत होत्या.

मुंबई इलाख्यात १९३२ साली वजन-मापांचा कायदा झाला होता, पण देशभर एकच मापपद्धती आणण्याचे काम स्वातंत्र्यानंतर झाले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी, म्हणजे 'नवे पैसे', चलनात आले. वजन-मापांच्या प्रमाणांचा केंद्रीय कायदा त्याआधीच १९५६ मध्ये संमत झाला होता आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो, लिटर व मीटर टप्प्याटप्प्याने बाजारात आले. ८० तोळ्यांचा शेर साधारण ९३३ ग्रॅमचा असल्याने, जुन्या शेराच्या भावात किलो मिळतो की किलोच्या नावाखाली भाव वाढतो, या संशयाने त्या काळातल्या बऱ्याच घरांत हिशेब दोनदोनदा तपासले जात. मापे एक झाली तरी भाव मात्र दुकानदाराच्या तोंडी राहिला. तो वहीत लिहिलेला असे किंवा दुकानाच्या फळीवर खडूने, आणि उधारीवर माल नेणाऱ्याला घासाघीस करण्याची सोय फारशी नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा सगळा प्रश्न रस्त्यावर आला. १९७२ चा दुष्काळ, पाठोपाठ भडकलेली महागाई, रेशनच्या रांगा, गोडेतेल आणि वनस्पती तुपाची टंचाई यांनी मध्यमवर्गीय आणि कामगार वस्त्यांतल्या स्त्रिया संघटित झाल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत महागाईविरोधी मोर्चे निघाले आणि हातातल्या लाटण्यांमुळे ते 'लाटणे मोर्चे' म्हणून लक्षात राहिले. या आंदोलनाचा रोख सरकार आणि साठेबाज यांच्यावर होता. त्याच सुमारास ग्राहकांनी स्वतःच खरेदीची रीत बदलावी, असे सांगणारी दुसरी धारा उभी राहत होती. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली होती. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली.

मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत आजच्या वाचकाला विशेष वाटेल. शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन एक संघ करतात, महिन्याची यादी आधी भरून देतात, पंचायत माल ठोक भावाने घेते, तो टेम्पोने एका घरी उतरवला जातो आणि सदस्य तिथे जमून आपापला वाटा घेतात. यात दुकानाचे भाडे नाही, जाहिरात नाही आणि महत्त्वाचे म्हणजे समोर दिसले म्हणून घेतले, हा प्रकार नाही, कारण यादी घरी बसून आधीच केलेली असते. मोबाइलवर गटाने खरेदी करण्याच्या योजना अलीकडे नव्या कल्पना म्हणून मांडल्या जातात, तेव्हा गिरगाव, दादर, पार्ले इथल्या जुन्या सदस्यांना गंमत वाटत असेल.

याच काळात माल बंद पाकिटात येऊ लागला होता आणि पाकिटाने फसवणुकीची जागा बदलली. सुटा माल निदान डोळ्यांसमोर तोलला जाई. बंद डब्यात किती आहे, कधी भरले आणि कोणी भरले, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून १९७६ चा नवा वजन-मापे कायदा आणि त्याखालचे १९७७ चे आवेष्टित वस्तूंचे नियम आले. उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, भरल्याचा महिना व वर्ष आणि विक्रीची किंमत पाकिटावर छापणे बंधनकारक झाले. वेष्टनावरच्या बारीक मजकुराचा जो चौकोन आपण सहसा वाचत नाही, त्याचे मूळ या नियमांत आहे.

त्यात एक मोठी फट राहून गेली होती. किंमत छापताना 'स्थानिक कर वेगळे' असे लिहिण्याची मुभा उत्पादकाला होती. विक्रीकर राज्यागणिक वेगळा, आणि महाराष्ट्रात त्यावर नगरपालिकांची जकात. पुण्यात आलेल्या मालावर किती कर लागला आणि तो मुंबईपेक्षा कमी की जास्त, हे गिऱ्हाइकाला कळणे शक्यच नव्हते. 'छापील किंमत सहा रुपये, वर टॅक्स' असे म्हणून दुकानदार सात घेई, आणि त्यातले किती सरकारजमा होतात हे विचारण्याची सोय नव्हती. ग्राहक संघटनांच्या तक्रारींचा हा नेहमीचा विषय होता. अखेर १९९० मध्ये नियम बदलून सर्व करांसहित कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले आणि त्याहून एक पैसाही जास्त घेणे गुन्हा ठरले. दरम्यान १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा येऊन जिल्हा मंचाकडे दाद मागण्याचा मार्ग खुला झाला होता, त्यामुळे सामान्य माणसाला हा नियम पावती दाखवून भांडता येण्याजोगा झाला.

मात्र एक गोष्ट तेव्हाही स्पष्ट होती आणि आजही बहुतेकांना माहीत नसते: आकडा छापलाच पाहिजे, असे कायदा सांगतो, तो किती असावा, हे सांगत नाही. देशभर एकच पाकीट पाठवणारी कंपनी सर्वांत जास्त कराचे राज्य, सर्वांत लांबची वाहतूक आणि सर्वांत लहान दुकानदाराचे कमिशन धरून किंमत छापते. जिथे खर्च कमी, तिथे मधला फरक व्यापारात मुरतो. १९९७ पासून अनेक वस्तूंवरचे केंद्रीय उत्पादन शुल्क छापील किमतीवरून, ठरावीक वजावट करून, आकारले जाऊ लागले. त्यामुळे आकडा फुगवला तर करही वाढे आणि कंपनीला थोडा तरी लगाम बसे. २०१७ मध्ये जीएसटी आला. तो बहुतेक वस्तूंवर प्रत्यक्ष व्यवहाराच्या किमतीवर लागतो. हा लगाम सुटल्याची चर्चा तेव्हा फारशी झाली नाही, ती व्हायला हवी होती.

आकडा फुगवण्याचे प्रयोजनही तोवर तयार झाले होते. २००२ मध्ये पवईत पहिले डी-मार्ट उघडले आणि फळीवरच्या चिठ्ठीवर दोन किमती शेजारी शेजारी दिसू लागल्या, एक छापील आणि एक दुकानाची. ऑक्टोबर २०१४ मधल्या फ्लिपकार्टच्या 'बिग बिलियन डे'नंतर काट मारलेली किंमत, तिच्याखाली ठळक अक्षरांतली नवी किंमत आणि टक्क्यांचा लाल शिक्का, ही रचना दिवाळीच्या खरेदीचा भागच झाली. ज्या वस्तूवर बाराही महिने चाळीस टक्के सूट असते, तिची खरी किंमत सवलतीनंतरचीच असते. वरचा आकडा केवळ तुलनेसाठी ठेवलेला असतो. म्हणून ऑनलाइन काही घेताना किती टक्के वाचले हे पाहण्याऐवजी तीच वस्तू जवळच्या दुकानात आणि आणखी एखाद्या संकेतस्थळावर कितीला आहे, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

औषधांच्या बाबतीत हे अधिक बोचते. आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार सरकार ठरवते: बाजारात एक टक्का किंवा त्याहून अधिक वाटा असलेल्या ब्रँडची किरकोळ विक्रेत्याला पडणारी सरासरी किंमत, अधिक १६ टक्के. यादीबाहेरच्या औषधांना सुरुवातीच्या किमतीची मर्यादा नाही, फक्त वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या शिफारशीशिवाय थेट दुकानदारांना विकल्या जाणाऱ्या काही जेनेरिक गोळ्यांच्या पट्टीवर खरेदी किमतीच्या कितीतरी पट आकडा छापलेला आढळतो. औषधाच्या दुकानात वीस टक्के सूट मिळाली म्हणून समाधान मानण्यापूर्वी त्याच घटकाची दुसरी पट्टी, किंवा जनऔषधी केंद्रातला भाव, विचारून पाहावा.

किंमत वाढवता येत नाही तिथे वजन घटते. पाच आणि दहा रुपयांची पाकिटे ही भारतीय बाजाराची खासियत; सुटे पैसे देण्याची कटकट नको म्हणून ग्राहकाला ती आवडतात आणि आकडा बदलला तर विक्री घसरते, हे कंपन्यांना माहीत असते. त्यामुळे कच्चा माल महागला की पुडा तेवढाच दिसतो, पण आतले ग्रॅम कमी होतात. पूर्वी चहा, बिस्किटे, खाद्यतेल, साबण अशा काही वस्तू ठरावीक वजनांतच भरण्याचे बंधन होते. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या दुरुस्तीने ते काढून टाकले आणि त्याऐवजी प्रतिएकक विक्री किंमत, म्हणजे एका ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पैसे पडतात, ती छापण्याची अट घातली.

माझ्या मते १९९० नंतरचा ग्राहकाच्या उपयोगाचा सर्वांत मोठा बदल हाच, आणि सर्वांत दुर्लक्षितही. समजा, २०० ग्रॅमची बरणी ११० रुपयांना आणि ५०० ग्रॅमची २९० रुपयांना आहे. मोठी बरणी स्वस्त पडते हे आपण गृहीत धरतो. इथे लहान बरणी ग्रॅमला ५५ पैशांनी, तर मोठी ५८ पैशांनी पडते. हे गणित आता एमआरपीशेजारी छापलेले सापडते. अडचण एवढीच की किलोच्या आतल्या पाकिटावर हा दर ग्रॅमचा असतो आणि किलोपेक्षा मोठ्या पाकिटावर किलोचा. तेव्हा ९०० ग्रॅम आणि दीड किलो यांची तुलना करताना हजाराने गुणावे लागते. नियम करणाऱ्यांनी एकच एकक ठेवले असते तर काय बिघडले असते, कोण जाणे.

छापील किमतीच्या मर्यादेलाही अपवाद निघाले. मॉल, मल्टिप्लेक्स आणि विमानतळांवर त्याच पाण्याच्या बाटलीवर वेगळी, जास्त एमआरपी छापून विकण्याची प्रथा पडली होती. २०१७ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी २०१८ पासून, अनुचित मार्गाने एकाच वस्तूवर दोन निरनिराळ्या कमाल किमती छापण्यास मनाई झाली आणि ऑनलाइन विक्रेत्यांनाही हा तपशील पडद्यावर दाखवणे भाग पडले. पण डिसेंबर २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की हॉटेलात बसून घेतलेली बाटली ही नुसती वस्तूची विक्री नसून त्यात सेवा मिसळलेली असते, म्हणून तिथे एमआरपीपेक्षा जास्त आकारता येईल. दुकानाच्या फ्रीजमधून काढून दिलेल्या दुधाच्या पिशवीवर 'कूलिंग चार्ज' म्हणून घेतलेल्या दोन रुपयांना मात्र हे लागू होत नाही. ते बेकायदाच आहेत. त्याची तक्रार राज्याच्या वैधमापनशास्त्र, म्हणजे वजन-मापे तपासणाऱ्या, यंत्रणेकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर करता येते, फक्त पावती हवी.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी अनेक वस्तूंवरचे जीएसटीचे दर कमी झाले, तेव्हा हा आकडा पुन्हा चर्चेत आला. 'सर्व करांसहित' किंमत छापून झालेला माल गोदामांत आणि दुकानांत पडून होता आणि त्यातला कर जुना होता. सरकारने जुन्या मालावर सुधारित किमतीचे स्टिकर लावण्याची परवानगी दिली, पण ते लावलेच पाहिजे अशी सक्ती केली नाही. साहजिकच त्या काळातल्या पाकिटावर स्टिकर नसेल, तर करकपात भावात उतरली की नाही हे पाकिटावरून कळण्याची सोय उरली नाही. त्यासाठी बिलावर लावलेला कराचा दर पाहणे आणि त्याच वस्तूच्या सप्टेंबरपूर्वीच्या बिलाशी तो ताडून घेणे, एवढाच मार्ग ग्राहकाकडे राहिला.