वर्गणीचे अर्कचित्रसंग्रह

विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात अमेरिका आणि कॅनडातील शहरांमध्ये निघालेली, तिथल्या व्यापारी, बँकर, वकील, जमीनदलाल अशा बड्या मंडळींच्या अर्कचित्रांची पुस्तके. चित्रे काढणारे बहुतेक स्थानिक दैनिकांचे व्यंगचित्रकार, आणि खर्च उचलणारे ज्यांची चित्रे काढली जात तेच लोक. अर्कचित्र एरवी कोणी परवानगी मागून काढत नाही. इथे मात्र गिऱ्हाईकच चित्राचा विषय होते.

पैसे घेऊन चरित्र छापण्याचा धंदा अमेरिकेत आधीपासून होता. १८७०-८०च्या दशकांत जिल्ह्याजिल्ह्यांचे जाडजूड इतिहास निघत. वर्गणी भरणाऱ्या शेतकऱ्याला किंवा दुकानदाराला त्यात आपली माहिती आणि जास्त पैसे मोजले तर चित्रही मिळे. दुसरा धागा लंडनचा. तिथल्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकाने १८६९ साली कार्लो पेलेग्रिनीने काढलेले ब्रिटिश राजकारणी डिझरायलीचे रंगीत अर्कचित्र छापले आणि पुढे अशा चित्रांत झळकणे हा मान ठरत गेला. याच सुमारास पेनने काढलेल्या रेघांचा जस्तावर छपाईचा ब्लॉक करणे स्वस्त झाले, त्यामुळे अमेरिकन दैनिकांना पगारी व्यंगचित्रकार ठेवणे परवडू लागले. हात तयार होते, हौसही होती. पुस्तक निघायला एवढे पुरे होते.

‘ॲज वी सी ’एम’, म्हणजे ‘आम्हाला ते दिसतात तसे’, हे शीर्षक शहरोशहरी फिरले. क्लीव्हलँडचा संग्रह १९०४चा, टोरॉन्टोचा १९०५चा. कॅनडाच्या प्रांतांपैकी मॅनिटोबाचा (विनिपेग इथलेच) १९०८-०९ आणि ब्रिटिश कोलंबियाचा (व्हँकूव्हर इथले) १९१०-११ या सालांचा आहे. सिॲटलमध्ये १९०६ साली एक संग्रह निघाला आणि १९११ साली फ्रँक कॅल्व्हर्टने संपादित केलेला दुसरा. त्याच्या उपशीर्षकात तो ‘सिॲटलच्या यशस्वी पुरुषांचा संदर्भग्रंथ’ असल्याचे म्हटले आहे. प्रकाशक म्हणून पुष्कळदा वृत्तपत्रीय व्यंगचित्रकारांच्या संघाचे नाव असे. सिॲटल, व्हँकूव्हर आणि विनिपेग ही त्या काळात झपाट्याने वाढणारी गावे. कॅनडाच्या वायव्येकडील क्लोंडाइक भागात सापडलेल्या सोन्यामुळे १८९७पासून सिॲटलच्या बाजारात पैसा खेळू लागला होता, तर व्हँकूव्हर आणि विनिपेगला जमिनीचे भाव चढत होते. नव्याने श्रीमंत झालेल्यांना आपण कोण आहोत हे गावाला सांगायची घाई असते, आणि ती या पुस्तकांच्या पानापानांवर दिसते.

चित्राचा साचा ठरलेला. एका पानावर एक माणूस, खाली नाव आणि पेढी. डोके मोठे, धड चिमुकले. चेहरा फोटोवरून उतरवलेला, छायाप्रकाशासह जवळजवळ हुबेहूब. अतिशयोक्ती सगळी मानेखाली. लाकडाचा व्यापारी ओंडक्यावर, जमीनदलाल नकाशावर पाय रोवून, कुणाच्या हातात गोल्फची काठी तर कुणी नव्या मोटारीत. नाक लांबवलेले किंवा हनुवटी दुहेरी केलेली क्वचितच आढळते. थोडक्यात, हे आपल्याकडच्या वर्धापनदिन पुरवणीतल्या जाहिरातवजा लेखासारखे आहे, फक्त त्यात खोडकरपणाचा आव अधिक. आपल्यावरचा विनोद आपल्याला पचतो, हे पैसे मोजून सिद्ध करता येत होते.

याच वर्षांत खऱ्या व्यंगचित्राचा मार बसलेले लोक वेगळे वागत होते. फिलाडेल्फियाच्या ‘नॉर्थ अमेरिकन’ दैनिकात व्यंगचित्रकार चार्ल्स नेलनने १९०२च्या निवडणुकीत पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरपदाचे उमेदवार सॅम्युएल पेनीपॅकर यांना पोपट करून दाखवले. माणसाला पशुपक्ष्याच्या रूपात रंगवण्यावर बंदी घालणारे विधेयक १९०३ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात आले, तेव्हा व्यंगचित्रकार वॉल्ट मॅकडूगलने नेत्यांना भाज्या आणि झाडे बनवून टाकले. तो मसुदा मागे पडला तरी पेनीपॅकर यांनी गव्हर्नर म्हणून वृत्तपत्रांवरील बदनामीचा कडक कायदा मंजूर केलाच. तो १९०७ साली रद्द झाला. वर्गणीच्या पुस्तकातला शेठ पोपट कधी होत नसे.

युरोपातले महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास हा प्रकार ओसरला. व्हँकूव्हर-विनिपेगचा जमिनीचा फुगाही १९१३पर्यंत फुटला होता. मोबदल्यावर अर्कचित्र काढण्याची पद्धत इतरत्र टिकली. न्यू यॉर्कच्या ‘सार्डीज’ उपाहारगृहात व्यंगचित्रकार ॲलेक्स गार्ड १९२७पासून रंगभूमीवरील कलाकारांची चित्रे काढत असे, रोजच्या एका जेवणाच्या बोलीवर. मालकाने चित्रांना आणि गार्डने जेवणाला नावे ठेवायची नाहीत, असा करार होता म्हणतात.

कला म्हणून या संग्रहांचा दर्जा बेताचाच. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र कोणत्या गावात कोणता धंदा तेजीत होता, कोणत्या वस्तू मिरवल्या जात, हे त्यांतून पटकन कळते. सावधपणे वाचायला हवे ते पाने विकत घेतलेली आहेत म्हणून. ब्रिटिश कोलंबियाच्या लाकूडगिरण्यांत चिनी, जपानी आणि पंजाबी मजूर राबत होते. मालकाच्या चित्रात ओंडका येतो, तो कापणाऱ्याने वर्गणी भरलेली नसते.