मैफल आणि ओला कागद: सामूहिक जलरंगाची पार्श्वभूमी

शास्त्रीय संगीताची मैफल चालू असताना वीस-पंचवीस माणसांनी एकाच लांबलचक कागदावर जलरंगात रंगवत राहायचं, हा प्रकार आता बऱ्याच ठिकाणी होतो. तो अगदी नवा वाटला तरी सूर डोळ्यांना दिसावा ही धडपड शतकांची आहे आणि ती तीन वेगळ्या वाटांनी गेली. पहिल्या वाटेवर राग ही एक व्यक्तिरेखा होती, दुसरीवर प्रत्येक सुराला ठरलेला रंग होता, आणि तिसरीवर सूर ऐकून हात कसा हलतो एवढंच महत्त्वाचं होतं. आजचा उपक्रम या तिसऱ्या वाटेवरचा आहे. सहभागींना सूचना मात्र बहुतेकदा दुसऱ्या वाटेवरच्या दिल्या जातात, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

पहिली वाट आपल्या चांगल्या परिचयाची, रागमालेची, म्हणजे रागांवरच्या लघुचित्रांच्या मालिकांची. 1591 मधली चुनारची मालिका, 1605 मध्ये नासिरुद्दीन या चित्रकाराने मेवाडातल्या चावंडला केलेली मालिका, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीची दख्खनी रागमाला चित्रं. साधारणपणे सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या मिळून छत्तीस चित्रांचा संच असे. मेषकर्णाच्या 1570 च्या ग्रंथात रागपुत्रही येतात आणि पहाडी चित्रकारांनी तीच मांडणी उचलली. वीणा धरलेली तोडी आणि तिच्याभोवती जमलेली हरणं, झोपाळ्यावरचा हिंडोल, सापांच्या संगतीतली आसावरी ही रूपं ठरून गेलेली होती. पण चित्रकारासमोर गाणं नसे, रागाचं रूप वर्णन करणारा ध्यानश्लोक असे. सोमनाथाच्या 1609 च्या ‘रागविबोधा’त असे श्लोक आहेत. माध्यमही घाईचं नव्हतं. डिंकात कालवलेले अपारदर्शक जलरंग, कागदाचे थर चिकटवून केलेली वसली, प्रत्येक थरानंतर मागून घोटाई. म्हणजे रागमाला हे रागाच्या काव्याचं चित्र आहे, चालू गायनाचं नाही. तिला आजच्या उपक्रमाची जननी म्हणण्याचा मोह होतो, पण ते रागमालेवरही अन्यायाचं आहे.

दुसरी वाट युरोपातली. न्यूटनने 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये वर्णपटाचे सात भाग सप्तकातल्या अंतरांच्या प्रमाणात पाडले. 1725 मध्ये लुई-बेर्त्रां कास्तेल या जेझुइट पाद्र्याने पट्टी दाबली की रंग दिसेल अशा हार्पसिकॉर्डची, म्हणजे पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या तंतुवाद्याची, कल्पना मांडली. पुढे 1893 मध्ये अलेक्झांडर रिमिंग्टनने रंगांच्या ऑर्गनचं पेटंट घेतलं. रशियन संगीतकार स्क्रियाबिनने ‘प्रोमिथियस’ या रचनेत प्रकाशासाठी स्वतंत्र ओळच लिहिली. 1911 मध्ये मॉस्कोत ती प्रकाशाविना वाजली आणि 1915 मध्ये न्यूयॉर्कला रंगीत प्रकाशासह सादर झाली. एवढ्या खटाटोपानंतरही सूर आणि रंगांचं कोष्टक जुळलं नाही. सी मेजर हा पाश्चात्य स्वरसमूह स्क्रियाबिनला लाल वाटे, रिम्स्की-कोर्साकोव्ह या दुसऱ्या रशियन संगीतकाराला पांढरा. डी मेजर पिवळा यावर दोघांचं एकमत होतं, बाकी बऱ्याच ठिकाणी नाही.

मग सूर आणि रंगाचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो स्वरातून न येता भावातून येतो. मानसशास्त्रज्ञ स्टीफन पामर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोतल्या श्रोत्यांना बाख, मोझार्ट आणि ब्राम्सचं संगीत ऐकवून रंग निवडायला सांगितले. जलद, मेजर म्हणजे प्रसन्न वाटणाऱ्या स्वरसमूहातल्या संगीताला लोकांनी उजळ, भडक, पिवळसर रंग निवडले. संथ, मायनर म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरसमूहातल्या संगीताला काळपट, फिके, निळसर. संगीताचा भाव आणि निवडलेल्या रंगाचा भाव एकमेकांशी घट्ट जुळत होते. म्हणूनच ‘कोमल रिषभ आला की जांभळा लावा’ ही सूचना निरुपयोगी ठरते. ती पाळताना माणूस स्वर ओळखण्याच्या परीक्षेला बसतो आणि ऐकणं थांबतं.

तिसऱ्या वाटेची सुरुवात सांगायला एक तारीख सोयीची आहे: 2 जानेवारी 1911, म्युनिक. चित्रकार कांडिन्स्कीने संगीतकार शोनबर्गच्या रचनांची मैफल ऐकली आणि त्यानंतर लवकरच ‘इम्प्रेशन 3 (कॉन्सर्ट)’ रंगवलं. आधीच्या रेखाटनांत पियानो, श्रोते, खांब ओळखू येतात. तैलचित्रात पियानोचा काळा आकार उरतो आणि त्याच्या बाजूने पिवळ्याचा प्रचंड लोट येतो. पाहिलेलं गळत गेलं आणि ऐकलेल्याचा जोर राहिला, तो असा. त्यानंतर व्हिएन्नात ऑस्कर रायनर या कलाशिक्षकाने हीच गोष्ट वर्गात आणली. मुलांनी संगीत ऐकत रेषा आणि रंग लावायचे, ही त्याची पद्धत 1925 मध्ये पुस्तकरूपाने आली. आजच्या सामूहिक उपक्रमाचा खरा पूर्वज हा वर्ग आहे, कारण इथे पहिल्यांदा चित्रकार नसलेल्यांच्या हाती कुंचला आला. पुढे ब्रिटिश चित्रकार नॉर्मन पेरीमन यांनी ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेवर वाहते रंग हलवत वाद्यवृंदासोबत प्रत्यक्ष सादरीकरणं केली, आणि रंग ओला असतानाच प्रेक्षकांना दिसू लागला.

हा ओलेपणाच या माध्यमाचा गाभा आहे. तैलरंग कित्येक दिवस ओला राहतो, ॲक्रिलिक भराभर वाळून बसतं. जलरंगाला मात्र स्वतःची लय असते. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरबरीत कागद नीट भिजवला तर साधारण पाच ते सात मिनिटं रंग त्यात आपणहून पसरतो. अतिविलंबित एकतालाचं आवर्तन पाऊण ते एक मिनिटाचं धरलं, तर एका ओलाव्यात पाच ते नऊ आवर्तनं बसतात. म्हणून आलाप आणि विलंबित ख्यालाला ओल्यावर ओला रंग शोभतो. बडा ख्याल संपेपर्यंत कागद वाळलेला हवा, म्हणजे द्रुत सुरू होताच कोरड्या कुंचल्याच्या तुटक रेषा उमटतात. आयोजकाने कलाकाराला आधी विचारून क्रम आणि अंदाजे वेळ लिहून घ्यावी. कागद दुसऱ्यांदा भिजवायचा की नाही हे त्यावरच ठरतं.

बिघडतं ते बहुतेकदा मधल्या अवस्थेत. चकाकी गेली आहे पण कागद हाताला गार लागतो, अशा वेळी लय वाढली की लोक पाण्याने भरलेला कुंचला टेकवतात. नवं पाणी अर्धवट बसलेला रंग बाहेर ढकलतं आणि कातरलेल्या कडांचे डाग उमटतात. त्या अवस्थेत कुंचला फडक्यावर टिपून घ्यायचा, एवढा एक नियम सगळ्यांना आधी सांगितला तरी अर्धं चित्र वाचतं. दुसरी अडचण चिखलाची. पंचवीस जणांसमोर बारा-बारा रंगांचे डबे ठेवले की नारिंगी, हिरवा आणि जांभळा एकमेकांत शिरून अर्ध्या तासात सगळं मातकट होतं. दर टप्प्याला दोनच रंग द्यावेत: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आलापाला पुरतात. पारदर्शक पिवळा आणि गुलाबी नंतर, खालचा थर सुकल्यावर. थॅलो निळा मात्र डब्यातून काढूनच ठेवावा, तो शेजाऱ्याच्या भागावर चढला की उतरत नाही.

कागद 1.5 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब गुंडाळीतला घ्यावा. माणशी 75 सेंटिमीटर दिले तर एका बाजूला 13 आणि दोन्ही बाजूंनी 26 जण बसतात. कडा कागदी टेपने चारही बाजूंनी आदल्या दिवशी चिकटवल्या नाहीत तर भिजल्यावर कागद फुगतो आणि खोलगट भागात पाणी साचतं. पाण्यासाठी काचेचे ग्लास नकोत. आलापात कुंचल्याचा टणत्कार माइक उचलतो. रुंद तोंडाची प्लॅस्टिकची भांडी आणि खाली फडकं ठेवावं. सभागृह अंधारं असेल तर कागदापुरता पांढरा प्रकाश लागतोच. पिवळ्या दिव्याखाली फिका पिवळा दिसेनासा होतो, मंद प्रकाशात लाल काळपट वाटतो आणि लोक नको तिथे रंग वाढवत बसतात.

मैफल संपल्यावर कागद लगेच उचलू नये. रात्रभर सपाट ठेवून पूर्ण सुकू द्यावा, मगच टेप कडेपासून बाहेरच्या दिशेने तिरकी ओढून काढावी. ओलसर असताना गुंडाळला तर थर एकमेकांना चिकटतात आणि दमट हवेत बुरशी धरते. कोणत्या भागावर कोणता राग चालू होता हे मागच्या बाजूला पेन्सिलने त्याच दिवशी लिहावं. शाईचं लिखाण पुढे ओल लागली की पुढच्या बाजूला उमटतं.