पाठमोरी सीट

मला गाडी लागायची. आईच्या पर्समध्ये माझ्यासाठी आवळासुपारीची डबी कायम असे. तरी हट्ट करून मी बसायचे ती स्टेशन वॅगनच्या, म्हणजे मागे सामानाला लांबलचक जागा असलेल्या मोटारीच्या, अगदी शेपटाकडच्या पाठमोऱ्या सीटवर. १९७०च्या दशकात बाबांच्या नोकरीपायी आम्ही काही वर्षं अमेरिकेतल्या ओहायोत होतो. गाडी जुनी, आमच्याआधी दोन घरं फिरून आलेली. पुढे आईबाबा, मधे सामान आणि बटाट्याच्या भाजीचा डबा, मागे मी आणि दादा. रस्ता आमच्याकडे येत नसे. पायांखालून निघून दूर पळत जाई. मागच्या ट्रकवाल्याला हात करायचा आणि त्याने भोंगा वाजवला की ओरडायचं, हा आमचा दिवसभराचा उद्योग.

अमेरिकेत माझ्या वयाची किती तरी माणसं त्या गाड्यांच्या नुसत्या फोटोने हळवी होतात. त्या हळवेपणामागे काय आहे, हे शोधताना मी त्या सीटपाशीच येऊन थांबले.

नावातलं ‘स्टेशन’ म्हणजे रेल्वे स्टेशन. उतारू आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलात पोचवणाऱ्या लाकडी बांधणीच्या गाड्या, हे या वॅगनचं मूळ. लाकूड पावसापाण्याने खराब होई, त्याला पुन्हा पुन्हा वॉर्निश लागे. पुढे पत्रा आला, पण लाकडाची हौस सुटली नाही, म्हणून पत्र्यावर लाकडाच्या रेषा छापलेली विनाइलची, म्हणजे प्लॅस्टिकची, फिल्म चिकटवू लागले. १९५६च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या महामार्गांना मंजुरी मिळाली, आणि १९५७ साली क्रायस्लरच्या वॅगनमध्ये तिसरी सीट आली ती उलट्या तोंडाची.

आता माझ्या पोटाचा प्रश्न. आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की त्या मेंदूला कळवतात. शेजारी कॅल्शियमचे बारीक कण असलेली दोन इंद्रियं असतात, ती वेग वाढला-घटला की सांगतात. गाडीत वाचत बसलं की कान म्हणतो ‘हललो’, डोळे म्हणतात ‘पुस्तक जागेवरच आहे’, आणि या भांडणात मळमळ सुरू होते. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी दिसतं आणि शरीर तयारीत असतं. पाठमोऱ्या सीटवर नेमकं उलटं होतं. वळण अंगावरून गेल्यावर डोळ्यांना दिसतं. त्यात ती सीट मागच्या चाकांच्याही पलीकडे, म्हणजे खड्ड्याला सर्वांत जास्त उसळणारी. दोन ते बारा वर्षं हे वय गाडी लागण्याला सर्वाधिक नाजूक, आणि त्याच वयाची मुलं तिथे बसवली जात.

उकडायला लागलं की बाबा मागची काच खाली घेत, आणि मग धुराचा वास येई. धूर आमच्याच गाडीचा. धुळीच्या रस्त्यावरून आलेल्या एसटीची मागची काच आठवा. समोरची काच बरी असते, मागे मात्र धुळीचा थर बसलेला असतो. खोक्यासारख्या सपाट पाठीची गाडी वेगात निघाली की तिच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते, आणि हवा तिथे भोवऱ्यासारखी उलटी फिरते. धूळ त्या भोवऱ्यात सापडून काचेवर येते. काच उघडी असेल तर सायलेन्सरमधून निघालेला धूर सरळ आत. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, झापड येते. दुपारी मागे बसलेली मुलं कशी शांत झोपली, याचं कौतुक करणाऱ्या आयांना हे ठाऊक नव्हतं.

आणि शिसं. इंजिनाने ठोके मारू नयेत म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालण्याची युक्ती १९२१ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत सापडली. पुढची पन्नासेक वर्षं ते शिसं धुरावाटे रस्त्याकडेच्या मातीत आणि मुलांच्या रक्तात गेलं. अमेरिकेत १९७५च्या मॉडेलांपासून धुरातले विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिशाने ते निकामी होतात, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल विकणं भाग पडलं. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकन लोकांच्या रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी घटलं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. ती सीट, तो धूर, ते पेट्रोल गेलं हे फार चांगलं झालं, असं मी अगदी मनापासून म्हणते. माझ्या नातवाला मी तिथे बसवणार नाही.

तरीही तापलेल्या विनाइलचा वास आला की घसा दाटतो. विनाइल म्हणजे पीव्हीसी हे प्लॅस्टिक, मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं मिसळतात. उन्हात उभ्या गाडीत ती हळूहळू उडतात, काचेवर धुरकट थर धरतात आणि आपल्या नाकात शिरतात. बाकी इंद्रियांचे निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर थांबतात. वासाचा निरोप ते ठाणं टाळून भावनांशी निगडित अमिग्डालाशी थेट पोचतो. स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पस तिथून एका पावलावर. वयस्कर माणसांना शब्द देऊन आठवणी विचारल्या, तर बहुधा दहा ते तीस या वयातल्या निघतात. वास दिला, तर त्या दहाव्या वर्षाच्याही आधीच्या असतात. तेच माझं पाठमोऱ्या सीटचं वय.

या हळवेपणाला ‘नोस्टॅल्जिया’ हे नाव योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये दिलं, तेही आजार म्हणून. घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांना ही व्यथा जडते, असं त्याचं निरीक्षण होतं. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी गेल्या वीसेक वर्षांत हे चित्र पालटवलं. एकटेपणा जाणवला की माणूस जुन्या आठवणींकडे वळतो, आणि त्या आठवणींत जवळची माणसं असल्याने त्याला आधार वाटतो. चीनमधल्या प्रयोगांत थंड खोलीत बसवलेल्या लोकांना गतकाळ जास्त आठवला. आणि आठवणीत रमलेल्यांना खोली जरा उबदार भासली.

आठवण जशीच्या तशी राहतही नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियात तीन आठवडे सायकलने फिरणाऱ्यांना सहलीआधी, सहलीत आणि सहलीनंतर प्रश्न विचारले होते. वाटेत वैताग पुष्कळ. काही दिवसांतच वैताग पुसट झाला आणि सहल छान होती असं ठरून गेलं.

हे वाचल्यावर मी आईची हिशेबाची वही काढली. नायगाऱ्याचा दिवस मला लख्ख आठवतो : ऊन, धबधब्यावर इंद्रधनुष्य, आणि बाबांच्या खांद्यावर दादा. वहीत पेट्रोलच्या आकड्याखाली आईच्या अक्षरात लिहिलंय, ‘दिवसभर पाऊस. धबधबा धुक्यात. चिऊला दोनदा उलटी. पोळ्या संपल्या.’

मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने वही हातात घेतली, चष्मा सारखा केला, आणि स्वतःचंच अक्षर बराच वेळ पाहून म्हणाली, “छे गं, पाऊस कुठला? काय सुंदर ऊन पडलं होतं त्या दिवशी.”