मेंदूमृत रुग्णाची अतिदक्षता परिचर्या (मुंबई)

मेंदूस्तंभाचे (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या, श्वास चालवणाऱ्या भागाचे) कार्य कायमचे थांबले आहे, पण व्हेंटिलेटर आणि औषधांच्या जोरावर हृदय चालू आहे, अशा रुग्णाची आयसीयूतील परिचारिका व परिचारक घेतात ती काळजी. या अवस्थेला मृत्यू म्हणून भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ ने मान्यता दिली. मुंबईच्या रुग्णालयांत सगळे सरळ ‘ब्रेनडेड’ म्हणतात.

कोमा आणि ही अवस्था यांची गल्लत नेहमीची. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत भानावर न येता तिथल्याच सहकाऱ्यांच्या देखभालीत होत्या. पण त्यांचा मेंदूस्तंभ काम करत होता, श्वास त्यांचा स्वतःचा होता. मेंदूमृत रुग्णाला तशी वर्षे मिळत नाहीत. सारे उपचार चालू ठेवले तरी बहुधा काही दिवसांत हृदय थांबते.

निदान डॉक्टरांचे असले तरी पहिली चाहूल पुष्कळदा रात्रपाळीच्या सिस्टरला लागते. सक्शन करताना, म्हणजे श्वासनळीतला कफ ओढताना, खोकला येत नाही, टॉर्च मारला तरी बाहुल्या आकसत नाहीत, रक्तदाब आधी उसळतो आणि मग कोसळतो. पुढे चार डॉक्टरांचे मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही त्यात नसतो. अ‍ॅप्निया चाचणीत व्हेंटिलेटरचे श्वास थांबवून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ६० मिमीपर्यंत चढूनही छाती हलली नाही, तर श्वासाची प्रेरणा संपली असे मानतात. गुंगीच्या औषधांचा अंमल किंवा थंड पडलेले शरीर असेच चित्र उभे करू शकते. म्हणून औषध कधी बंद केले आणि तापमान किती होते, या चार्टवरच्या साध्या नोंदींना इथे फार वजन येते.

घरच्यांनी अवयवदानाला संमती दिल्यावर काम कमी होत नाही, वाढतेच. पिट्युटरी ग्रंथीकडून पाणी धरून ठेवणारे संप्रेरक येईनासे होते आणि युरोबॅग (लघवीची पिशवी) भराभर भरू लागते. ६० किलोच्या माणसाला तासाला २४० मिलिलीटरहून अधिक, पाण्यासारखी लघवी झाली, तर डायबेटिस इन्सिपिडसचा (या संप्रेरकाअभावी होणारी अतिलघवी, मधुमेह नव्हे) संशय घेतात. रक्तातील सोडियम चढते. ते १५५ च्या वर राहिले तर यकृताला धोका. मग त्या संप्रेरकाची उणीव भरून काढणारे व्हॅसोप्रेसिन किंवा डेस्मोप्रेसिन, दर तासाला लघवीचे माप, तितक्याच द्रवाची भरपाई आणि पुन्हा सोडियम. सिस्टोलिक रक्तदाब १०० च्या वर, ऑक्सिजनचा दाब १०० च्या वर, लघवी तासाला १०० मिलिलीटरच्या आसपास, असा एक ढोबळ ‘शंभराचा नियम’ आहे. नवख्यांना तो उपयोगी पडतो, मात्र त्यावर विसंबून राहू नये. शरीर स्वतःची ऊब राखत नाही, त्यामुळे गरम हवेचे ब्लँकेट लागते. कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, कॉर्नियासाठी पापण्या मिटून ओलसर ठेवणे हे सारे पूर्वीसारखेच चालते.

कठीण भाग खाटेच्या पलीकडे उभा असतो. मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियेने हात हलतो आणि आई म्हणते, “बघा, हलला!” ही शक्यता आधीच सांगून ठेवणारी सिस्टर पुढचा बराच गोंधळ वाचवते. दानाचा विषय काढणे तिचे काम नाही. तो रुग्णालयाचा प्रत्यारोपण समन्वयक काढतो. ‘मशीनवर जगतोय’ असे बोलणे मात्र तिने टाळावे, कारण मृत्यू झाल्याचे कळवल्यावर ते वाक्य घरच्यांच्या मनात घोळत राहते.

अवयव कोणाला द्यायचे हे मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र प्रतीक्षायादीवरून ठरवते. देशाच्या पश्चिम विभागाचे प्रादेशिक केंद्र परळला केईएममध्ये आहे. प्रत्यारोपणाची सोय नसलेल्या रुग्णालयांनाही केवळ अवयव काढण्यापुरती नोंदणी करता येते. अपघाताचा रुग्ण असेल तर पोलीस आणि शवविच्छेदनाचे सोपस्कार त्यातच बसवावे लागतात. बाहेर काढलेले हृदय सुमारे ४ तासच टिकते. वाहतूक पोलिसांच्या ग्रीन कॉरिडॉरची, म्हणजे अवयवासाठी मोकळ्या ठेवलेल्या रस्त्याची, घाई त्यासाठीच.

नातेवाइकांनी नकार दिला तर पेच उभा राहतो. १९९४ चा कायदा अवयवदानाच्या संदर्भातला. दान नसेल तर व्हेंटिलेटर कधी आणि कोणी काढायचा, हे त्यात स्पष्ट नाही. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी हृदय आपोआप थांबेपर्यंत तो चालूच ठेवतात, नवी औषधे वाढवत नाहीत, आणि घरच्यांना आळीपाळीने आत सोडतात. आयसीयूच्या भेटीच्या वेळा इतक्या सैल एरवी क्वचितच होतात.