मॉर्मन मिशनरी प्रशिक्षण

मॉर्मन मिशनरी प्रशिक्षण म्हणजे 'द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या ख्रिस्ती पंथातली 18-19 वर्षांची पोरं-पोरी धर्मप्रचाराला बाहेर पडण्याआधी, आणि पडल्यावर पहिले तीनेक महिने, जी तयारी करतात ती सगळी. पंथाचं मुख्यालय अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला आहे. मॉर्मन हे लोकांनी पाडलेलं नाव, 2018 मधे चर्चनेच ते वापरू नका असं सांगितलंय, पण बोलताना अजून बरेच जण तेच म्हणतात म्हणून इथेही तेच ठेवलंय. या प्रचारदौऱ्याला 'मिशन' म्हणतात, मुलगे 24 महिने जातात, मुली 18 महिने. मुलग्यांसाठी हे जवळजवळ कर्तव्यच धरलं जातं, मुलींना मात्र जायचं तर जा नाहीतर नका जाऊ अशी मोकळीक आहे.

या प्रशिक्षणाबद्दल बाहेरच्यांना वाटतं की पोरांना वर्गात बसवून धर्मशास्त्र घोकून घेत असतील. तसं काही प्रमाणात आहेच, पण खरा जोर दुसरीकडे असतो. आत्तापर्यंत आईच्या हातचं खाल्लेल्या पोराला एका अनोळखी जोडीदाराबरोबर चोवीस तास राहता आलं पाहिजे, वेळेवर उठता आलं पाहिजे, आणि तोंडावर दार बंद झालं तरी पुढचं दार वाजवता आलं पाहिजे. शास्त्र ते घरून शिकूनच आलेले असतात.

आधी काय होतं

पंथ 1830 मधे न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने सुरू केला आणि त्याच वर्षी त्याचा भाऊ सॅम्युएल 'बुक ऑफ मॉर्मन' या पंथाच्या धर्मग्रंथाच्या प्रती घेऊन गावोगाव फिरायला लागला, त्याला पहिला मिशनरी मानतात. ट्रेनिंग वगैरे काही नाही. 1852 च्या ऑगस्टमधे सॉल्ट लेक सिटीत सभा भरली, त्यात शंभरच्या आसपास पुरुषांची नावं वाचली गेली आणि तुम्ही अमक्या देशात जा असं सांगितलं, कित्येकांना आपलं नाव तिथेच पहिल्यांदा कळलं. हे लोक 18 वर्षांचे पोरगेलेसे नव्हते, बायकापोरं असलेले बाप्ये होते. त्यातले 13 जण हिंदुस्थान आणि सयामसाठी (आताचं थायलंड) निघाले, कॅलिफोर्नियापर्यंत खडतर प्रवास, मग सॅन फ्रान्सिस्कोहून जहाज आणि एप्रिल 1853 मधे कलकत्ता. भाषा येत नाही, हवामान माहीत नाही, आणि लोक देतील त्यावर जगायचं असा दंडक.

आपल्याकडे तर ते त्याच्याही आधी पोचले होते. 1852 मधेच ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईला उतरला, मग पुण्याला गेला, तिथे छोटीशी शाखाही उभी केली. ऐकायला येणारे मुख्यतः लष्करातले आणि युरोपियन, त्यामुळे लष्करी अधिकाऱ्यांशी खटके उडणं ओघाने आलंच. 1856 पर्यंत हा सगळा कारभार गुंडाळला गेला. आजच्या मिशनरीला जे शिकवतात त्यातलं बरंचसं या लोकांना कोणी सांगितलं असतं तर निकाल वेगळा लागला असता का, सांगता येत नाही, हाल मात्र कमी झाले असते.

सॉल्ट लेकमधे निघण्यापूर्वी थोड्या दिवसांचं शिक्षण देणारं 'मिशन होम' सुरू झालं 1925 मधे. भाषेचं ट्रेनिंग सुरू व्हायचं कारण तर अगदी सरकारी आहे. 1961 च्या सुमारास स्पॅनिश बोलणाऱ्या देशांचे व्हिसा वेळेवर मिळेनात, पोरं लटकून राहायची, म्हणून त्या मधल्या वेळात त्यांना चर्चच्याच ब्रिगहम यंग युनिव्हर्सिटीत स्पॅनिश शिकवायला घेतलं. हा प्रयोग इतका जमला की युटातल्याच प्रोव्हो शहरात 1976 मधे वेगळा कॅम्पस उभा राहिला आणि 1978 मधे त्याला 'मिशनरी ट्रेनिंग सेंटर' म्हणजे एमटीसी हे नाव मिळालं.

घरातली तयारी

ही लहानपणापासूनच चालू असते. पोराने स्वतःच्या मिशनसाठी गल्ल्यात पैसे टाकायचे, कारण मिशनरीला पगार नसतो, उलट त्याच्याच घरून पैसे जातात. अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी 2020 पासून हा आकडा महिन्याला 400 डॉलर आहे, पोरगं टोकियोला जावो नाहीतर शेजारच्या राज्यात, रक्कम तीच. 1990 पर्यंत असं नव्हतं, जिथला खर्च तिथली रक्कम, त्यामुळे महागड्या देशात नंबर लागला की घरच्यांचं कंबरडं मोडायचं. हायस्कूलची चार वर्षं 'सेमिनरी' नावाचा धर्मवर्ग असतो, तो बऱ्याच ठिकाणी शाळेच्या आधी भल्या पहाटे भरतो. चहा-कॉफी, दारू, तंबाखू बंद हे तर पंथात सगळ्यांनाच लागू.

वय जवळ आलं की अर्ज. आधी स्थानिक बिशप मुलाखत घेतो (हा पूर्णवेळ पाद्री नसतो, दिवसा आपली नोकरी करणारा शेजारचाच माणूस असतो), मग त्याच्या वरचा स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे आसपासच्या अनेक मंडळ्यांचा प्रमुख. वागणूक, लैंगिक संयम, श्रद्धा सगळं विचारतात आणि हे प्रश्न बऱ्यापैकी खाजगी असतात, यावर पंथातले लोकही कुरकुर करतात. 2002 मधे एम. रसेल बॅलार्ड या ज्येष्ठ नेत्याने पात्रतेची पातळी उंचवायची अशी हाक दिली, तेव्हापासून चाळणी बारीक झाली. डॉक्टर आणि दातांचा डॉक्टर दोघांच्या सह्या लागतात. अक्कलदाढा त्रास देणाऱ्या वाटल्या तर आधीच काढून टाका म्हणतात, कारण दोन वर्षं परदेशात असताना दाढ सुजली तर करणार काय, म्हणून युटामधे मिशनच्या आधी गाल सुजवून घरी बसलेली पोरं हा नेहमीचा देखावा आहे.

कुठे जायचं हे अर्जदार ठरवत नाही. चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एक जण प्रत्येकाचा फोटो आणि माहिती बघून ठिकाण नेमतो, आणि ते दैवी प्रेरणेने होतं अशी श्रद्धा आहे. ही नेमणूक म्हणजे 'कॉल'. पूर्वी पोस्टाने जाडजूड पांढरा लिफाफा यायचा, 2018 पासून ऑनलाइन येतो. पण सोहळा तोच, सगळे नातेवाईक-मित्र हॉलमधे दाटीवाटीने जमलेत, लांबचे व्हिडिओ कॉलवर, कोणी ब्राझील म्हणतंय कोणी कोरिया, आणि पोरगं मोठ्याने वाचत वाचत देशाच्या नावापर्यंत येतं आणि एकच गलका होतो, आपल्याकडे बोर्डाच्या निकालाला घरात जी धडधड असते तशीच. आणि युटाच्या शेजारचंच आयडाहो राज्य निघालं तरी हसून टाळ्या वाजवायच्या असतात. मिट रॉमनी, पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले, त्यांना 1966 मधे फ्रान्स मिळालं होतं, म्हणजे वाइनच्या देशात दारू न पिण्याचा धर्म सांगायचा.

निघण्याआधी मंदिरातला 'एंडाउमेंट' हा देवाला वचनं देण्याचा विधी होतो, आणि स्टेक प्रेसिडेंट डोक्यावर हात ठेवून 'सेट अपार्ट' करतो, म्हणजे या कामासाठी वेगळं काढतो. तिथून पुढे नाव संपलं, मुलगा एल्डर अमुक आणि मुलगी सिस्टर तमुक, आडनावानेच हाक.

वयाचा नियम बराच बदललाय. 2012 च्या ऑक्टोबरमधे चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी मुलांचं वय 19 वरून 18 आणि मुलींचं 21 वरून 19 केलं, त्यानंतर मिशनरींची संख्या 58 हजारांच्या आसपास होती ती दोन वर्षांत 80 हजारांच्या वर गेली. मुलींचा लोंढा जास्त होता, कारण 21 पर्यंत थांबायचं म्हणजे कॉलेज अर्धवट किंवा लग्न ठरलेलं. 2025 च्या शेवटी मुलींचंही वय 18 केलं.

एमटीसीमधे

सगळ्यात मोठं सेंटर प्रोव्होचंच. शिवाय मेक्सिको सिटी, साओ पावलो, मनिला, इंग्लंडमधलं प्रेस्टन, घाना, दक्षिण आफ्रिका इथे आहेत. करोनानंतर सुरुवातीचा आठवडा घरूनच ऑनलाइन होतो. ज्याला भाषा शिकायची नाही तो काही आठवड्यांत मोकळा, नवीन भाषा असेल तर सहा ते नऊ आठवडे.

पूर्वी प्रोव्होला आईबापांसकट एका हॉलमधे छोटा कार्यक्रम व्हायचा आणि मग सांगायचे की पालकांनी या दाराने जा आणि मिशनरींनी त्या दाराने, तिथे जी रडारड व्हायची ती प्रसिद्ध आहे. नंतर ते बंद करून गाडी फुटपाथला लावायची पद्धत आली, मिठी मारा, बॅगा उतरवा, आधीपासून तिथे असलेला एखादा मिशनरी बॅग ओढत आत घेऊन जातो, काही मिनिटांत खेळ खलास. नव्या पोरांच्या नेमप्लेटवर केशरी टिकली चिकटवायचे, म्हणजे हरवलेलं दिसलं तर कोणीही रस्ता दाखवावा, आणि अर्थातच सगळ्यांची ती कधी काढून टाकतो अशी घाई.

साडेसहाला उठणं, साडेदहाला दिवे बंद. जोडीदार (कंपॅनियन) नेमून दिलेला, त्याला सोडून कुठे जायचं नाही, बाथरूम सोडलं तर. शिकवणारे बहुतेक नुकतेच स्वतः मिशनवरून परतलेले विशी-बाविशीचे कॉलेजवाले. पहिल्याच तासाला मास्तर नवीन भाषेत सुरू होतो आणि इंग्रजीवर येतच नाही. आधी प्रार्थना करायला शिकवतात, कारण ती दिवसातून अनेकदा लागते आणि चार वाक्यांत भागते. दोन-तीन दिवसांत जोडीला एका 'जिज्ञासू' माणसासमोर बसवतात आणि म्हणतात याला शिकवा, त्याच्याच भाषेत. यांच्याकडे कागदावर लिहिलेली वाक्यं, तो काहीतरी विचारतो ते कळत नाही, दोघं एकमेकांकडे बघतात आणि परत पाठ केलेलं वाक्य म्हणतात. काही दिवसांनी कळतं की हा माणूस म्हणजे आपला दुसरा मास्तरच आहे. ही युक्ती सगळ्यांना बाहेरून माहीत असते तरी घाम फुटायचा तो फुटतोच.

अभ्यासाचं मुख्य पुस्तक 'प्रीच माय गॉस्पेल', 2004 मधे आलं आणि 2023 मधे सुधारलं. त्याआधी ठरीव पाठ असायचे, पोरं ते शब्दशः घोकायची आणि समोरचा माणूस मधेच बोलला की गाडी रुळावरून घसरायची. आता मुद्दे दिलेत, मांडणी तुमची. माझ्या मते एवढ्या वर्षांतला सगळ्यात शहाणपणाचा बदल हाच.

आठवड्यातला एक दिवस 'पी-डे' म्हणजे प्रिपरेशन डे, तयारीचा दिवस, त्यात कपडे धुणं आणि घरी ईमेल. 2019 पर्यंत घरी फोन फक्त नाताळ आणि मदर्स डेला, आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो. मुलींना बहुतेक वेळी पँट घालायची परवानगी 2018 च्या डिसेंबरमधे मिळाली, तोपर्यंत थंडीवाऱ्यात सायकलवर पण स्कर्टच.

फील्डमधे आणि परत

एमटीसी संपलं म्हणजे ट्रेनिंग संपलं असं नाही. नेमलेल्या शहरात पोचल्यावर अनुभवी मिशनरी 'ट्रेनर' म्हणून मिळतो आणि पहिले 12 आठवडे त्याच्या हाताखाली जातात, नवख्याला 'ग्रीनी' म्हणतात. भाषा खरी इथे कळते, म्हणजे आपल्याला ती येत नाही हे कळतं.

सगळेच टिकत नाहीत. नैराश्य, चिंता, घरची आठवण, नाहीतर श्रद्धाच डळमळीत होते, आणि मधेच परत आलेल्याला गावात प्रश्नार्थक नजरा झेलाव्या लागतात, काहींना तर आजारपणात परत येऊनही. 2013 मधे चर्चने ताणाबद्दल एक पुस्तिका काढली, त्यात हिरवा, पिवळा, केशरी, लाल अशा पातळ्या आहेत आणि कुठल्या पातळीला काय करायचं ते लिहिलंय. ज्यांची तब्येत बाहेरगावी राहण्यासारखी नाही त्यांना घरी राहून करायचं 'सर्व्हिस मिशन' असतं, पण लग्नाच्या बाजारात त्याला तितका भाव नाही असं युटातलेच लोक सांगतात.

1856 मधे जिथला कारभार गुंडाळला होता त्या भारतात बंगलोर मिशन (इथे मिशन म्हणजे मिशनरींचा प्रादेशिक विभाग) 1993 मधे आणि दिल्लीचं 2007 मधे सुरू झालं.