खुलासा: दुसऱ्याचा मॉड उघडून वाचणं म्हणजे चोरी नव्हे

"दुसऱ्याच्या मॉडचा कोड बघितला की चोरीच," असं सोलापुरात आमच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं ऐकतोय. मॉड म्हणजे गेममध्ये खेळाडूंनी केलेला बदल किंवा भर. त्याचा कोड बघणं चोरी, ही साफ चूक. वाचणं वेगळं, उचलणं वेगळं. आपल्याकडं माग चालवायला तरी लोक दुसऱ्याचा हात बघूनच शिकले की! स्टारड्यू व्हॅली या गेमच्या एखाद्या छोट्या मॉडचा कोड घ्या. सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एन्ट्री मेथडमध्ये, म्हणजे मॉड सुरू होताना आधी चालणाऱ्या भागात, बटण दाबल्यावर काय करायचं ते जोडणारी ओळ सापडेल. ती बदला, मॉड पुन्हा बिल्ड करा, गेम चालवा. माझा मॉड तीन रात्री चालेना. मॅनिफेस्ट फाइलमध्ये, म्हणजे मॉडची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, एक स्वल्पविराम द्यायचा राहिला होता. कन्सोलवर, म्हणजे गेमसोबत उघडणाऱ्या संदेशांच्या खिडकीत, लाल अक्षरांत लिहिलेलं, मी वाचलंच नव्हतं!

मात्र गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर दिसतो तो कोड फुकट, हेही खोटं. परवाना नसेल तर हक्क लेखकाचेच. एमआयटी परवाना (कोड मोकळेपणानं वापरू देणारा एक परवाना) असेल तर कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवून खुशाल वापरा.